न रडलेल्या बाळाचा दावा

डहाणू रोडच्या स्टेशनावर उतरून पश्चिमेस वळले तर चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे आणि समुद्र लागतो. पूर्वेस वळले तर गाव संपता संपताच डोंगर आणि पाडे सुरू होतात. तलासरी त्याच्याही वर, मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर, गुजरातच्या वेशीला टेकलेली. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. या मुलखाचा इतिहास म्हटला की वारल्यांचा उठाव आठवतो, आणि तो आठवावाच. आज मात्र आम्हांस निराळ्याच एका इतिहासाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. तो कोर्टाच्या निकालपत्रांत पडलेला आहे, आणि या पाड्यांपर्यंत पोचता पोचता बहुधा वाटेतच थांबतो.

काही वर्षांपूर्वी तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर आमचे जाणे झाले. कुडाच्या घरात गोधडीवर सात वर्षांचा मुलगा निजलेला होता. मान धरता येत नव्हती, हातपाय ताठ, मधूनमधून झटके. आई आपल्या कामात होती आणि दर थोड्या वेळाने येऊन त्याची कूस बदलीत होती. जन्माच्या वेळी काय झाले असे विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "रडलाच नाही तो." मग तिने आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढून आतला दवाखान्याचा केसपेपर आमच्या हाती दिला आणि विचारले, की याचे कुठे काही मिळते का. आम्ही तिला धड उत्तर देऊ शकलो नाही. "मिळते" म्हणणे खोटे झाले असते, आणि "मिळत नाही" म्हणणेही खोटेच झाले असते. हा निबंध म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

मूल जन्मताच रडते याचे घरात कौतुक असते, परंतु त्या रडण्याचा अर्थ एवढाच, की छाती फुलली आणि श्वास चालू झाला. नाळेतून मिळणारा प्राणवायू बंद पडावा आणि छातीतला अजून सुरू होऊ नये, अशी थोडीशी मिनिटे जरी गेली तरी मेंदूच्या पेशी मरू लागतात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही. म्हणून या इजेत वेळ हीच सगळी गोष्ट आहे. पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत, तेथून तलासरीच्या किंवा कासा-डहाणूच्या रुग्णालयात आणि तेथेही निभावले नाही तर पुढे सिल्वासा किंवा वलसाडला, असा बाळंतिणीचा प्रवास ज्या मुलखात होतो, तेथे मिनिटांचा हिशेब कोणी कोणाकडे मागावा?

या इजेचा आणि जन्माचा संबंध प्रथम ठामपणे मांडला तो लंडनच्या विल्यम जॉन लिट्ल या शस्त्रवैद्याने. १८६१ साली तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्याने एक निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अकाली जन्म आणि जन्मतःच गुदमरणे यांमुळे मुलांचे अवयव पुढे कसे ताठतात, हे त्याने आपल्या पाहण्यातील मुलांवरून दाखवून दिले. कित्येक वर्षे या व्याधीस 'लिट्लचा रोग' असेच नाव होते. पुढे १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड याने (मनोविश्लेषणाने गाजण्याआधी तो मज्जासंस्थेचा वैद्य होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते) उलटी शंका काढली. बाळंतपण अवघड झाले म्हणून मेंदू बिघडला असे म्हणता. पण गर्भातच मेंदू बिघडलेला होता म्हणून बाळंतपण अवघड झाले, असे का म्हणू नये? शंका शास्त्राची होती आणि प्रामाणिक होती. आजही असे मानले जाते की या व्याधीची सगळी मुले जन्माच्या वेळी गुदमरलेली नसतात. पुष्कळांचे कारण आधीचेच असते. परंतु कोर्टात मात्र फ्रॉइडच्या या शंकेने शंभर वर्षे प्रतिवादीचे वकीलपत्र घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. "कशावरून आमच्या हातूनच झाले?" हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर शोधण्याचे एक साधन न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी दिले. बाळाची नाडी, श्वास, रंग, अंगातली ताकद आणि डिवचल्यावरची हालचाल या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण द्यावयाचे, एकूण दहापैकी. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. १९५३ साली ही पद्धत छापून आली आणि जगभर पसरली. एकट्या या आकड्याने काही सिद्ध होत नाही, तरी पहिल्या पाच मिनिटांत बाळाचे काय झाले याची नोंद कागदावर राहू लागली, आणि कोर्टाला कागद लागतो.

विलायतेत या कागदांवर पहिली मोठी लढाई झाली ती बर्मिंगहॅमच्या प्रसूतिरुग्णालयात १९७० साली जन्मलेल्या एका मुलाची. डॉक्टरने चिमटा लावून फार वेळ व फार जोराने ओढले, त्यात मूल गुदमरून मेंदू गेला, असा आईचा दावा होता. पहिल्या न्यायाधीशाने एक लाख पौंड दिले. वरच्या कोर्टाने ते काढून घेतले आणि डिसेंबर १९८० मध्ये लॉर्ड सभेनेही आईच्या विरुद्धच निकाल दिला. दहा वर्षे भांडून हाती काही नाही! तरी लॉर्डांनी एक गोष्ट सुधारून ठेवली. मधल्या कोर्टात लॉर्ड डेनिंग म्हणाले होते, की निर्णयातील चूक म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. लॉर्ड सभेने सांगितले, की असे सरसकट म्हणता येणार नाही. चूक कशी झाली ते पाहिले पाहिजे. 'व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन' हा तो खटला.

आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधी कोकणातल्या एका घराने हा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला होता. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूत वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीत घालून दोनशे मैलांवर पुण्यास आणले. तेथे एका खाजगी रुग्णालयात हाड बसवण्यात आले आणि त्याच दिवशी रात्री तो गेला. डॉक्टरांचे म्हणणे, चरबीचा कण रक्तवाहिनीत अडकून मृत्यू आला. बापाचे म्हणणे, भूल न देता मुलाचा पाय जोराने ओढला आणि त्या धक्क्याने तो गेला. मोडलेल्या हाडातील चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत आणि मेंदूत अडकते व तेथे प्राणवायू पोचू देत नाही, हे खरे आहे. म्हणजे खटल्याचा मुद्दा वैद्यकाचा होता आणि न्यायाधीशांना तो वैद्यांच्या साक्षींतूनच सोडवावा लागला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बापाचे म्हणणे मान्य केले आणि डॉक्टरच्या तीन जबाबदाऱ्या सांगितल्या: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता करावा हे ठरवताना, आणि तो प्रत्यक्ष करताना. तिन्ही ठिकाणी काळजी हवी. पंधरा वर्षांनी मिळालेली भरपाई होती रुपये ३,०००. त्या काळीसुद्धा ती मोठी रक्कम नव्हती. पण खटला पैशासाठी चालवला असे ते निकालपत्र वाचून कोणालाही वाटणार नाही.

पुण्याचे रुग्णालय खाजगी होते. सरकारी रुग्णालयात असे झाले तर? येथे आमच्या विषयाचा खरा तिढा सुरू होतो. राजाची चूक होत नाही, हे इंग्रजी सूत्र आपल्याकडे सरकारच्या रूपाने पुष्कळ वर्षे जगले. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेलचे कापड राहून गेले आणि ती दगावली. पतीने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने सरकारला मोकळे केले. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पुन्हा जबाबदार धरले ते २० फेब्रुवारी १९९६ रोजी. त्या वर्षी जन्मलेले मूल तेहतीस वर्षांचे झाले असेल! परंतु 'अच्युतराव खोडवा' या निकालाने निदान एवढे पक्के झाले, की सरकारी दवाखाना चालवणे हे काही राजदंड चालवणे नव्हे, आणि नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल मालक म्हणून सरकारने पैसे मोजले पाहिजेत.

मधल्या काळात, १९८६ साली, ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. दिवाणी दाव्याचा मुद्रांक नको, तारखांचा घोळ कमी, वकील नसला तरी चालेल. डॉक्टरमंडळींनी म्हटले, आम्ही दुकानदार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी उत्तर दिले: पैसे घेऊन सेवा देता ना, मग रोगी ग्राहक आहे. या कायद्याने काय होऊ शकते ते दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात दिसले. विषमज्वराने आजारी असलेले एक लहान मूल डिसेंबर १९९३ मध्ये तेथे होते. परिचारिकेने एक इंजेक्शन आणावयास सांगितले, बापाने स्वतः जाऊन ते विकत आणले, तिने ते शिरेत दिले आणि मूल कोसळले. हृदय थांबले, मेंदूस प्राणवायू मिळाला नाही, आणि मूल वाचले ते केवळ श्वास घेण्यापुरते. परिचारिकेस पुरेसे शिक्षण नव्हते. राष्ट्रीय आयोगाने मुलास १२ लाख ५० हजार आणि आईबापांस त्यांच्या मनस्तापाबद्दल निराळे ५ लाख दिले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि सांगितले, की पैसे देणारे आईबाप ग्राहक आहेत आणि ज्याच्यासाठी दिले ते मूलही ग्राहक आहे. अजाण मुलाचा स्वतःचा हक्क अशा रीतीने मान्य झाला. पाच वर्षांच्या आत निकाल!

पण १९९५ च्या त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, आणि डहाणू-तलासरीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतो तेथील रोगी ग्राहक नव्हे. केसपेपरचे दोन-पाच रुपये भरले तरी तो मोबदला होत नाही. काही रोग्यांकडून पैसे घेणाऱ्या दवाखान्यात फुकट रोगीही ग्राहक ठरतो. निव्वळ फुकट दवाखान्यात कोणीच नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि नवजात बाळाचा उपचार विनामूल्य झाला, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वच उपचार विनामूल्य झाले. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. त्यांस नावे ठेवणारा माणूस पाड्यावर गेलेला नसेल. परंतु परिणाम असा, की मुंबईच्या इस्पितळात पैसे मोजणाऱ्या आईला जे सोपे दार उघडे आहे, ते तलासरीच्या आईला बंद आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही फुकट सेवा बाहेरच राहिली.

तिच्यासाठी उरतो दिवाणी दावा. त्याची वाट अच्युतराव खोडवांच्या खटल्याने दाखवली आहे, आणि तिची लांबीही. सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तज्ज्ञाची साक्ष लागते. दुसरी वाट उच्च न्यायालयाकडे रिट अर्जाची. बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडून त्याच्या डोक्याला इजा झाली. प्राथमिक केंद्रात सोय नाही म्हणून पुढे पाठवले, पुढच्यात खाट नाही म्हणून आणखी पुढे, असा तो एकामागून एक सरकारी रुग्णालयांतून फिरला आणि शेवटी पैसे भरून खाजगीत बरा झाला. 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती' या त्याच्या संघटनेच्या अर्जावर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये देवविले, आणि पैसा नाही ही सबब सरकारला जीव वाचवण्याच्या कर्तव्यातून सोडवीत नाही असे बजावले. रक्कम लहान, पण तत्त्व पाहा: येथे रोग्याने काही भरले होते की नाही हा प्रश्नच आला नाही. तो नागरिक होता, एवढे पुरले.

भरपाई आणि मदत या दोन शब्दांत आपल्याकडे फार गल्लत होते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळून पुरवठा थांबला आणि वीसहून अधिक रोगी दगावले. सरकारने त्यांच्या घरच्यांस प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. दिले ते बरेच झाले. पण जाहीर केलेली मदत म्हणजे देणाराची मर्जी. तिच्यात कोणाची चूक होती हे लिहिलेले नसते. त्या आधी लुधियानाच्या एका रुग्णालयात १९९५ साली श्वास कोंडलेल्या रोग्यास लावलेली नळकांडी रिकामी निघाली होती. डॉक्टरांवर फौजदारी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती रद्द केली. नळकांडी भरलेली ठेवणे हे रुग्णालयाचे काम, त्याची दिवाणी जबाबदारी असू शकेल, परंतु म्हणून डॉक्टर गुन्हेगार होत नाही. आम्हांस हा निकाल न्याय्य वाटतो. एकट्या डॉक्टरच्या मागे चार पाड्यांचा जमाव लागावा यात कोणाचेच हित नाही. पाड्याजवळच्या केंद्रात रात्री एकटी परिचारिका असते, तिच्या हाती काय दिले होते, हे विचारणे अधिक बरोबर.

वारल्यांच्या लढ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात होते, आणि वेठ नाकारण्याचे ठरले. त्यानंतर मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, अशी ती मागणी होती. सावकाराने सणाला दिलेली बक्षिसी त्यांना नको होती. वजन ठरलेले आणि दाम ठरलेला, असा व्यवहार हवा होता. दयेच्या जागी हिशेब मागणे हाच त्या उठावाचा गाभा, असे आम्हांस वाटते.

मेंदूच्या इजेचा हिशेब तर गवताहून कठीण. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात अंगठ्याचे किती टक्के, डोळ्याचे किती, असे कोष्टक होते. नवजात बालकाच्या मेंदूचे कोष्टक कोठेच नाही. मूल कमावते नव्हते, आणि मजुराचे मूल पुढेही फार कमावणार नव्हते, असे म्हणून रक्कम खाली आणता येते. मग गरिबाचा मेंदू स्वस्त ठरतो. अशा माणसाची शुश्रूषा किती वर्षे करावी लागते हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात अरुणा शानबाग या तेथील परिचारिकेचा साखळीने गळा आवळला गेला, मेंदूस प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी पिढ्यापिढ्यांनी तिची कूस बदलली. ते काम कोणी पैशात मोजले नाही. पाड्यावरची आई तेच काम एकटी करते आणि तिची मजुरीही बुडते.

या बाबतीत कोर्टांनी अलीकडे एक पाऊल पुढे टाकले आहे. हरियाणाच्या बाजूस २००७ साली रस्त्यावरील अपघातात एका बारा वर्षांच्या मुलीचा मेंदू कायमचा निकामी झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिला ६२ लाख २७ हजार रुपये दिले. त्यात दोन मदतनिसांचे, प्रत्येकी महिना अडीच हजार धरून, १० लाख ८० हजार होते. आणि तिची कमाई ठरवताना नाममात्र आकडा न घेता कुशल कामगाराचे किमान वेतन धरले. तो अपघात मोटारीचा होता, बाळंतपणाचा नव्हे. परंतु शुश्रूषेला दाम आहे, हे तत्त्व दोन्हींकडे सारखेच लागू पडावे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. ती तिन्ही खात्यांत बसते. मुदतीचा कायदाही मुलाला सांभाळून घेतो: अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावरही तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला अजून पुष्कळ अवधी आहे. पण २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णालयातील रोग्याची कागदपत्रे जपून ठेवावयाची ती तीन वर्षे. मागितल्यास बहात्तर तासांत द्यावयाची, पण तीन वर्षांनंतर ती असतीलच असे नाही. मूल बसत नाही, मान धरत नाही, हे कळावयासच वर्ष-दीड वर्ष जाते. मग भगत, मग देवदेव, मग एखादे शिबिर. दावा एकवीस वर्षे जिवंत आणि पुरावा तीन वर्षे!

म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीकडे आम्ही पुन्हा पाहिले. केसपेपरावर बाळंतीण आल्याची वेळ होती, रात्री एक वाजून दहा मिनिटे. जन्माची वेळ होती, पहाटे पाच वाजून चाळीस. मधल्या साडेचार तासांत कोणी तपासले, बाळाच्या नाडीचे ठोके कधी मोजले, डॉक्टर कधी आले, यांचे रकाने छापलेले होते आणि कोरे होते. बाळाच्या गुणांच्या जागी पहिल्या मिनिटाचा आकडा २ होता. पाचव्या मिनिटाचा लिहून मग खोडला होता. कागदाच्या घड्या पार झिजल्या होत्या. आम्ही तिला सांगितले, की याची नक्कल काढून घ्या आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. तिने तो पुन्हा घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी आढ्याला बांधली.